रंगाऱ्याच्या छातीतली नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, तर जेमतेम काही महिन्यांची. हसू नका. आमच्या घराण्यात हाताच्या शिरेत बसणाऱ्या धाकट्या बहिणी दोन-चार दिवसांत कचऱ्यात जातात. त्या मानानं मी तुमची पणजीच. सध्या माझा मुक्काम हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात, तोंड बांधलेल्या पिशवीत आहे. भट्टी अजून पेटायची आहे. तेवढ्यात सगळं सांगून घेते.

माझी गोष्ट सुरू होते ती गाढवाच्या पैजेपासून.

त्या दिवशी मी नवीकोरी होते. रंगाऱ्याच्या गळ्याखालच्या हाडापाशी आत शिरलेली, आतलं टोक थेट हृदयाच्या उंबऱ्यावर, आणि बाहेर छातीवर लोंबणारी दोन शेपटं. एक लाल टोपीचं, एक पांढऱ्या टोपीचं. रंगारी हॉस्पिटलातून घरी येत होता. चार दिवसांची सुट्टी, मग पुन्हा भरती. जिना चढताना तो दर मजल्यावर थांबून भिंतीचा रंग कुठे सुटलाय ते बघायचा. खरं म्हणजे त्याला धाप लागायची. पण लोकांना वाटावं की भिंत बघतोय.

शेवटच्या पायरीवर समोरच्या दारातला कुलूपवाला बसला होता. मांडीवर उघडलेलं कुलूप, तोंडात छोटा स्क्रू. वीस वर्षं दोघांची दारं समोरासमोर, आणि वीस वर्षं दोघं एकमेकांना छळत आले होते. रंगाऱ्यानं एकदा रातोरात कुलूपवाल्याच्या दारावर हुबेहूब दुसरं दार रंगवलं होतं, कडी-कोयंड्यासकट. कुलूपवाला सकाळी रंगवलेल्या कडीला हात घालत बसला होता. त्याची परतफेड म्हणून त्यानं रंगाऱ्याच्या डब्यांच्या खोलीला असं कुलूप लावलं की ते उघडायला रंगाऱ्याला त्याच्याचकडे जावं लागलं.

“हे काय लोंबतंय?” स्क्रू थुंकून कुलूपवाला म्हणाला.

“नळ बसवलाय. तुझ्याकडे पाणी गेलं की सांग, इथून देतो.”

“ताईचं रक्त घालणार म्हणे तुझ्यात.”

“रक्त नाही रे. रक्ताचं बियाणं. माझं सगळं खराब निघालंय, ते जाळायचं आणि तिचं पेरायचं.”

मागून पिशव्या घेऊन ताई चढत होती. रंगाऱ्याची थोरली बहीण. बस चालवते, म्हणून आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. डोक्यावर केस म्हणजे स्प्रिंगचं दुकान. गणवेशाची टोपी त्यांच्यावर टेकायची, बसायची कधीच नाही. “डॉक्टर म्हणाली, बारक्याचा रक्तगटसुद्धा माझाच होणार,” ती अभिमानानं म्हणाली.

कुलूपवाल्याचे डोळे चमकले. “रक्तगट तिचा? मग केसही तिचे. तुझे हे जाणारच आहेत. नवे येतील ते कुरळे.”

“माझे?” रंगाऱ्यानं डोक्यावरून हात फिरवला. “अरे, हे केस म्हणजे तीन इंची ब्रश. माझ्या बापाला वळवता आले नाहीत, केमोला काय वळवता येणार?”

“लाव पैज.”

“लावली.”

हरणाऱ्यानं काय करायचं यावर दोघांची बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी रंगाऱ्याची बायको कुलूप काढता काढता म्हणाली, “हरेल त्यानं भर गर्दीत गाढवासारखं ओरडायचं. तीन वेळा. नाहीतरी आतून दोघं तेच आहात, एकदा लोकांनाही कळू दे.”

ठरलं. केस बोटाच्या पेराएवढे झाले की निकाल. पंच म्हणून तीच, कुलूपवाल्याची वहिनी, आणि वहिनींचा शब्द शेवटचा.

मित्रांनो, मला तेव्हा वाटलं, आपण फार मजेशीर घरात आलो.

माझा जन्म कारखान्यातला. मऊ, पांढरट, करंगळीहून बारीक. तिथं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायकांनी मला भिंगाखाली निरखलं, गुंडाळून दोन-दोन पाकिटांत बंद केलं. माझ्यासारख्यांचं सगळं भाग्य त्या एका गोष्टीवर असतं: स्वच्छता. आम्हाला दात नाहीत, नखं नाहीत. आम्ही म्हणजे माणसाच्या अंगाला पाडलेलं एक दार. आतमध्ये जे जाईल ते चहाच्या घोटाइतक्या वेळात हृदयात. औषध गेलं तर औषध, आणि दुसरं काही गेलं तर दुसरं काही.

कुलूपवाल्याला हे न सांगताच कळलं होतं. निरोप देताना तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, “हे दार लावून फिर हं. तुझ्याकडचं हे एकच दार आहे ज्याचं कुलूप मी केलेलं नाही.”

पुढचे दिवस माझ्या ऐन उमेदीचे. काचेच्या खोलीत रंगाऱ्याला ठेवलं. त्याच्या हाडांतला रक्ताचा कॅन्सर जाळायची औषधं माझ्यातून गेली, आणि कॅन्सरबरोबर बाकीचंही सगळं जळलं. केस उशीवर आले. तोंडात फोड आले, इतके की थुंकीसुद्धा गिळता येईना. पाणी, अन्न, वेदना थांबवायचं औषध, सगळं माझ्या पोटातून. सिस्टर दर वेळी हात चोळून धुवायची, माझी टोपी औषधाच्या कापसानं घासायची, सुकू द्यायची आणि मगच मला हात लावायची. “ही नळी आहे म्हणून निभावतंय,” ती म्हणायची. मी फुगून जायचे.

मग ताईच्या पेशींची पिशवी आली. गडद लाल, तळहाताएवढी. एवढ्याशा पिशवीसाठी एवढा खटाटोप. ताई काचेपलीकडे दोन्ही दंडांना पट्ट्या लावून उभी होती. थेंब थेंब माझ्यातून उतरत होते आणि रंगारी फोडांनी भरलेल्या तोंडानं बोबडं बोलला, “ताई, आतून ब्रेक मारल्यासारखं होतंय.”

“सीट धरून बस,” ताई म्हणाली आणि तोंड फिरवून नाक पुसत राहिली.

त्या पेशी रुजल्या. पांढऱ्या पेशींचा आकडा वर यायला लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी काचेवर बोटानं फूल काढलं. डॉक्टरबाई तशा कमी बोलणाऱ्या, त्यामुळे ते फूल म्हणजे मोठंच भाषण. रंगारी घरी निघाला. जाताना त्याला बजावलं होतं: गर्दीत जायचं नाही, पाणी उकळून प्यायचं, नळी भिजवायची नाही, आणि ताप आला तर तसंच निघून यायचं. औषध न देता मला रिकामं ठेवलं तर मी तुंबते, म्हणून आठवड्यातून एकदा हॉस्पिटलात येऊन मला धुऊन घ्यायचं. मला काढायची वेळ अजून आली नव्हती. रक्त, प्लेटलेट अधूनमधून लागतच होत्या.

घरी आल्यावर ताईच्या पेशींनी नव्या घरात कुरबुर सुरू केली. त्यांना रंगाऱ्याचं अंग परकं वाटायला लागलं. कातडी लाल झाली, भाजल्यासारखी सोलायला लागली. ते शमवायला गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी कुरबुर दबली आणि त्याबरोबर अंगाची राखणही. घराला रंग लावायचा म्हणून खिडक्या-दारं काढून ठेवावीत, तसा तो माणूस उघडा पडला होता. वरून मात्र गाल फुगलेले, त्यामुळे शेजारी म्हणायचे, “तब्येत सुधारली हं.”

आणि केस यायला लागले.

पहिल्यांदा नुसती साय. मग कोंब. एका सकाळी आरशासमोर तो हलेना. मी शर्टाच्या बटणांमधून बघत होते. कपाळावरचा एक केस गिरकी घेऊन स्वतःच्याच मुळाशी परत आला होता. त्यानं तो ओढून सरळ केला. सोडला. तो पुन्हा गुंडाळला.

“अगं,” त्यानं बायकोला हाक मारली, “आपल्याकडे टोपी आहे का?”

तेव्हापासून टोपी उतरेना. कुलूपवाल्यानं बघायचा चंग बांधला. “टोपीवर पाल आहे.” “असू दे.” “टोपी धुवायला टाक, वास येतोय.” “तुझ्या नाकाचा आहे.” एकदा तो म्हणाला, नव्या कुलपासाठी डोक्याचं माप लागतं. रंगारी म्हणाला, तुझ्या कुलपांना डोकं लागत असतं तर तू उपाशी मेला असतास. वहिनी हसून पदराआड तोंड लपवायची. पंच असल्यामुळे तिला बोलायची बंदी होती. केस अजून पेरभर झाले नव्हते.

ते दिवस मला सगळ्यांत आवडले. आणि त्याच दिवसांत ते झालं.

अंघोळीच्या वेळी मला झाकायला हॉस्पिटलनं चिकट पारदर्शक पट्ट्या दिल्या होत्या. चांगल्या घट्ट. पण काढताना त्या सोललेली कातडी घेऊनच निघायच्या. रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोनतीनदा त्यानं सोसलं. मग एके दिवशी तो त्याच्या डब्यांच्या खोलीत गेला आणि मास्किंग टेपचं भेंडोळं घेऊन आला.

मास्किंग टेप म्हणजे ती पिवळट कागदी पट्टी. भिंत रंगवताना स्विचच्या पाटीला, खिडकीच्या चौकटीला लावतात. काम झालं की अलगद सुटते, खालचा रंग ओढत नाही. रंगाऱ्याचं आयुष्य त्या पट्टीवर गेलेलं. त्यानं मला प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलं, चारी बाजूंनी टेप लावली, अंगठ्यानं कडा दाबली. अगदी झकास काम. बायकोला म्हणाला, “वीस वर्षांत माझ्या टेपखाली एक थेंब गेलेला नाही.”

खरं होतं ते. रंगाचा गेला नव्हता. रंग घट्ट असतो. पाणी कागदातून जातं.

बायको म्हणाली, “हॉस्पिटलला विचारायचं का?”

“टेपचं काय विचारायचं? टेप मला विचारतात.”

आणि खरंच कातडी निघाली नाही. रडणं थांबलं. तिलाही बरं वाटलं. मित्रांनो, त्या घरात कुणी निष्काळजी नव्हतं. ती बाई फरशी दिवसातून दोनदा पुसायची. ताटं उकळून घ्यायची. प्यायचं पाणी उकळून, झाकून, वेगळ्या पेल्यात. पण अंघोळीची बादली आणि पाण्याचा मग न्हाणीघरातच ओले असायचे, एकात एक. मगाच्या खालच्या कडेला बारीकशी बुळबुळीत गुलाबी रेघ धरायची. पुसली की जायची, चार दिवसांनी परत यायची. तुमच्याही घरी असेल, बघा.

रंगाऱ्याची नजर रंगावर जाणारच. “हा शेड मी दिलेला नाही,” तो म्हणाला होता. “पण छान आहे. पडद्यांना चालेल.”

त्या रेघेत ती राहत होती. तिचं खरं नाव लांबलचक. पुढे सिस्टर ते वाचताना तीनदा अडखळली. साध्या पाण्यात, ओल्या जागी राहणारा जंतू. धडधाकट माणसाच्या अंगाखांद्यावर आयुष्यभर खेळला तरी पत्ता लागू देत नाही. तिला ना कुणाशी वैर, ना घाई. टेपच्या ओल्या कागदातून ती माझ्या टोपीपर्यंत आली, टोपीच्या आट्यांत बसली आणि एक दिवस टोपी उघडली तेव्हा आत आली. माझ्या आतल्या भिंतीवर तिनं संसार थाटला. गुळगुळीत, चिकट, थरावर थर. रंगाऱ्यासारखंच काम. पहिला हात, सुकू द्यायचा, दुसरा हात.

मला हाक मारता येत नाही. मी काय करणार.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात सिस्टरनं मला धुतलं. सलाइनचा झोत माझ्यातून आत गेला आणि त्याबरोबर तीही. घरी परतताना टॅक्सीत रंगाऱ्याला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, सीट हलायला लागली. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. संध्याकाळपर्यंत उतरलं. “गारठा लागला,” तो म्हणाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

“ताप आला तर तसंच या म्हणालेत,” बायको म्हणाली.

“आता आहे का? लाव हात. नाही ना? तिथं गेलो की परत काचेत टाकतील. केस पेरभर व्हायला आलेत. निकालाच्या आधी खेळाडू मैदानाबाहेर नको.”

पुढच्या वेळी मला धुतलं तेव्हा हॉस्पिटलातच हुडहुडी भरली. खाटेच्या सळ्या वाजायला लागल्या. या वेळी कुणी त्याचं ऐकलं नाही. डॉक्टरबाईंनी तिथंच दोन ठिकाणचं रक्त घेतलं, एक माझ्यातून, एक हाताच्या शिरेतून, आणि लॅबला पाठवलं. नेहमीची जोरदार अँटिबायोटिकं सुरू झाली.

हाताच्या शिरेतल्या रक्ताच्या बाटलीत काही वाढलं नाही. माझ्या बाटलीतही नाही. मग उशिरा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, माझ्या बाटलीत काहीतरी हललं. लॅबनं कळवलं, बहुधा रक्त घेताना बाहेरची घाण पडली असावी, असले जंतू आजार करत नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. शंभरदा तसंच असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “परत घ्या.” परत घेतलं. या वेळी दोन्ही बाटल्यांत ती होती.

दरम्यान ती नेहमीची औषधं तिला पाहुणचारासारखी लागत होती. ताप उतरायचा, चढायचा. रंगाऱ्याचे ओठ पांढरे पडले. लघवी कमी झाली. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यायचा, आणि आता बघायला भिंतही नव्हती.

डॉक्टरबाई आत आल्या आणि खाटेवर बसल्या. त्या कधी बसत नसत. फोनवर लॅबनं पाठवलेला फोटो होता. काचेची गोल बशी, त्यात टपोरे ठिपके.

“इतकी वर्षं काम करते,” त्या म्हणाल्या, “हिला मी फक्त पुस्तकात भेटले होते. ही पाण्यातली आहे. घरी नळी कधी भिजली का?”

“नाही हो,” रंगारी म्हणाला. फोटो डोळ्यांजवळ घेतला. “गुलाबी. सुंदर शेड आहे.”

बायकोनं फोन त्याच्या हातातून घेतला. बघितला. मग म्हणाली, “मगाला धरते ना, तो रंग.”

“मी टेप लावायचो,” रंगारी हळूच म्हणाला.

“कसली टेप?”

त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा अंगठा चादरीवर कडा दाबल्यासारखा फिरत होता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “पट्टीनं कातडी निघत होती, तर आम्हाला सांगायचं होतं. मऊ पट्टी असते आमच्याकडे. कपाटात पडून आहे.”

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे दोन्ही हात पदरात होते, आणि ते ती पुसत होती, पुसतच होती.

मला काढायचं ठरलं. मी आत असेपर्यंत ती जाणार नव्हती. माझ्या भिंतीवरून तिला खरवडणारं औषध नाही. पण रंगाऱ्याच्या प्लेटलेट इतक्या खाली होत्या की मला ओढलं तर रक्त थांबलं नसतं. म्हणून आधी प्लेटलेटची पिशवी, त्यासाठी वाट बघणं, ती आली की अंगात टिकते का ते बघणं. त्या वाट बघण्यात त्याचं मूत्रपिंड बसलं. रक्तदाब उतरला. तिला लागू पडणारं औषध सापडलं होतं, ते आता जात होतं. दाराबाहेर डॉक्टरबाई बायकोला आणि ताईला सांगत होत्या ते मला ऐकू आलं: “जंतू मरेल. औषध लागू आहे. पण ह्यांच्याकडे आता उरलंय कमी.”

“माझं परत घ्या,” ताई म्हणाली. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज पहिल्या सीटपर्यंतही पोचला नाही. “अजून घ्या. माझ्यात भरपूर आहे.”

त्या दुपारी मला काढलं. सोप्या हातानं, एका ओढीत. माझं टोक कात्रीनं कापून लॅबला पाठवलं आणि बाकीची मी स्टीलच्या ट्रेमध्ये, दाराजवळच्या टेबलावर. तिथून मला खाट दिसत होती, आणि काचेपलीकडचा पॅसेजही. रंगाऱ्याला आयसीयूत हलवायचं होतं. त्याच संध्याकाळी तिथं तो वारला. मी त्या वेळी जवळ नव्हते. एवढंच समजलं की खोली पुसायला माणसं आली, आणि खोली अशी कधी पुसतात ते मला तोवर कळलं होतं.

हे मी आधीच सांगून टाकलं, कारण मला थांबायचंय ते त्या दुपारपाशी.

पण त्याआधी एक. तुमच्या घरात कुणाच्या अंगाला माझ्यासारखं दार पाडलेलं असेल, तर हात धुतल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नका, त्याला पाणी लागू देऊ नका. आणि काही टोचलं, सोललं, सुटलं, तर लाजू नका, हुशारी करू नका, विचारा. हुडहुडी भरली तर ऊन आहे की गारठा ते बघत बसू नका. आमच्यासारख्यांना ओरडता येत नाही. ओरडायचं काम तुमचं आहे.

आणि ओरडण्यावरून आठवलं.

कुलूपवाला धापा टाकत पॅसेजमध्ये आला. आत सोडत नव्हते, म्हणून काचेला नाक लावून उभा राहिला. पॅसेजमध्ये मोप घेतलेला माणूस, डबे घेऊन बसलेले नातेवाईक, वॉचमन, ट्रॉली ढकलणारे दोघं. चांगली गर्दी होती. बायकोनं त्याला फोन लावला आणि आपला फोन रंगाऱ्याच्या कानाशी उशीवर ठेवला. रंगाऱ्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क.

रंगाऱ्यानं डोळे उघडले. काचेकडे बघितलं. मग हात उचलला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा डोक्यापर्यंत पोचला. त्यानं टोपी ओढून काढली.

केस पेरभर झाले होते. काळे, दाट. आणि एकूण एक कुरळे. ताईचं स्प्रिंगचं दुकान, नवी शाखा.

“बघ,” तो मास्कमधून म्हणाला. “जिंकलास. आता मी…” त्यानं छाती भरून घ्यायचा प्रयत्न केला. जिथे मी होते तिथली पट्टी वर आली, अर्ध्यावर थांबली. तोंडातून नुसती वाफ निघाली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. “थांब… ओरडतो… पैज आहे.”

कुलूपवाला काचेला कपाळ टेकवून बघत होता. मग तो मागे सरकला आणि चष्मा पुसला. चष्मा डोळ्यांवर नव्हताच, नुसताच हातात होता, तो पुसला.

“कुणी सांगितलं कुरळे?” तो फोनमध्ये म्हणाला. “मला तर सरळ दिसतात. अगदी ब्रश.”

“आंधळा आहेस का?”

“तुझ्यापेक्षा बरं दिसतं. कुलपाच्या आतलं बघतो मी. सरळ आहेत. पंचांना विचार.”

बायकोनं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं त्या केसांत गेली, आणि ते तिच्या बोटांभोवती गुंडाळले गेले. ती नीट बघत राहिली, पंचानं बघावं तशी.

“सरळ,” ती म्हणाली.

“पंच… फोडलाय,” रंगारी म्हणाला.

“पंचांचा शब्द शेवटचा,” कुलूपवाला म्हणाला. “ठरलं होतं.” फोन खिशात न घालता तसाच हातात धरून तो पॅसेजच्या मधोमध गेला, जिथं सगळ्यांना दिसेल तिथं. किल्ल्यांचा जुडगा ताईच्या हातात दिला. मान वर केली आणि तोंड उघडलं.

“हॉंऽऽ-ही!”

डबे उघडायचे थांबले. मोपवाला वळला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वॉचमन काठी घेऊन धावत आला. “ओ काका, हॉस्पिटल आहे हे.”

“माहीत आहे,” कुलूपवाला म्हणाला. “अजून दोन राहिलेत.”

ताई वॉचमनच्या आडवी उभी राहिली. नुसती उभी राहिली, बस अडवून उभी करावी तशी.

दुसऱ्यांदा ओरडताना त्याचा आवाज मध्येच चिरला. ते गाढवाचं राहिलं नाही. काचेच्या अलीकडे रंगाऱ्याची छाती हलत होती. मला आधी हुडहुडी वाटली. पण नाही. मी त्या छातीत राहिलेली आहे, मला फरक कळतो. तो हसत होता.

मास्कमधून, उशीवरच्या फोनमध्ये, तो म्हणाला, “हा धरला जाणार नाही. रडका होता. परत.”

कुलूपवाल्यानं बाहीनं तोंड पुसलं, पाय फाकवून उभा राहिला, आणि ओरडला. या वेळी शेवटच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. अगदी खरं गाढव.